करंजाखालचं वासरू

"मग पोरीला इचार की! गायीमागनं तीच चालत हुती."

"पोर निजलीया."

पोर निजली नव्हती. पोर दाराआड तोंडावर गोधडी ओढून, डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. तिचं नाव सुप्रभा, वय वर्षं नऊ. बाहेर ओट्यावर भरदुपारी तिचे वडील आणि त्यांची सख्खी बहीण भांडत होते, आणि "निजलीया" म्हणून सांगणारी तिची आई होती.

भांडण वासरावरून. आटपाडीकडच्या त्या गावात गुरं निम्म्यानं द्यायची रीत होती. ज्याच्याकडे गाय आहे पण वैरण नाही, तो वैरणवाल्याकडे गाय पोसायला ठेवायचा. आण्णांनी, म्हणजे सुप्रभाच्या वडिलांनी, आपली खिल्लार गाय अशीच बहिणीकडे, आक्काकडे ठेवली होती. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. बोली अशी, की वासरू ज्याच्या हद्दीत पडेल त्याचं. कागद नव्हता. भावाबहिणीत कसला आलाय कागद? दोघांच्या हद्दीच्या मधे एक कोरडा ओढा होता. त्या दिवशी गाय आक्काकडून आण्णांकडे निघाली, मागं काठी घेऊन सुप्रभा, आणि गाय वाटेतच व्याली. खोंड झाला, तोही चांगला उंचापुरा.

"ओढा वलांडल्यावर व्याली," आण्णा म्हणत होते.

"वलांडायच्या आधी. माझ्या करंजाखाली. आण्णा, देवाला भिऊन बोल."

सुप्रभाला ठाऊक होतं. करंजाखालीच. ओल्या वासराच्या पाठीला चिकटलेली करंजाची फुलं तिनं आपल्या हातानं एकेक काढली होती. पण आण्णांचा आवाज चढला होता, आणि ती गोधडीतून बाहेर आली नाही. आक्का तरातरा निघून गेली ती गेलीच. भाऊबीजेला आली नाही, लग्नाकार्याला आली नाही. आण्णा वारले तेव्हा आली, अंगणात उभी राहिली आणि पाणी न घेता परत गेली. पुढं तीही गेली. खोंड तर केव्हाच विकला होता.

आता या गोष्टीला पंचावन्न वर्षं झाली. सुप्रभा चौसष्टची आहे आणि जपानात, तोक्योच्या ओजिमात, नवव्या मजल्यावर एकटी राहते. नवरा राजीव कॉम्प्युटरवाला, त्याच्या नोकरीमागं ती चाळिशीला इथं आली. सहा वर्षांपूर्वी तो गेला. लेक नुपूर लांब फुकुओकाला असते. हिनं मराठीत चार ओळी लिहिल्या की तिकडून उत्तर येतं, "दाइजोबु". म्हणजे सगळं ठीक आहे. कधी नुसतं हसणाऱ्या मांजरीचं चित्र येतं. सुप्रभा मांजरीलाही उत्तर देते, कारण उत्तर न देणं तिला जमत नाही.

राजीव गेल्यावर देवदत्त भेटायला आला होता. हा राजीवच्या ओळखीतला मुलगा त्सुकुबाला शिकला, तिथल्या संस्थेत आकाशातून काढलेले जंगलांचे फोटो वाचायचा, आणि मग त्यानं योकोहामाला स्वतःचं सहा माणसांचं ऑफिस काढलं. चहा पिता पिता म्हणाला, "काकू, घरात बसून काय कराल? माझ्याकडे या. फोटोवर रेघा मारायच्या असतात. भरतकामासारखंच."

भरतकामासारखं काही नव्हतं, पण ती गेली.

काम असं. युरोपातल्या लोकांनी नियम केला, की दोन हजार वीस साल सरल्यानंतर जिथं जंगल तोडलं असेल, त्या जागेवर वाढलेल्या गुराचं मांस नको आणि कातडंही नको. आता जपानातली एक कंपनी मोटारींच्या खुर्च्यांना कातडं चढवून त्या युरोपात धाडते. कातडं येतं ब्राझीलहून. म्हणजे ते कातडं ज्या गुराचं, ते गुरू जन्मलं कुठं, वाढलं कुठं, कुणाच्या कुरणातून कुणाच्या कुरणात गेलं, हे सगळं दाखवायला हवं. ते दाखवायचं यंत्र देवदत्तनं बनवलं होतं. यंत्र म्हणजे लोखंडी नव्हे, पडद्यावरचं. एका बाजूला आकाशातून दिसणारं शेत, दुसऱ्या बाजूला गुरं हलवल्याचे सरकारी दाखले. दोन्ही जुळलं की शेताला हिरवी चौकट, नाही जुळलं की लाल. लालवाल्याचं गुरू कुणी घेत नाही. सुप्रभानं शेताच्या कडेनं रेघ नीट ओढायची, आणि यंत्र चुकलं असं वाटलं तर शेरा लिहायचा.

पुण्याच्या जाऊबाई, गीतावहिनी, फोनवर म्हणाल्याच, "काय गं, गोमांसाचं काम धरलंस म्हणे?"

"मांसाचं नाही वहिनी, जंगलाचं."

"पण गायी असतातच ना त्यात?"

"असतात. पण जिवंत असतात. वरून ठिपक्याएवढ्या दिसतात."

"ठिपका झाला म्हणून गाय नाही का ती?" वहिनी म्हणाल्या, आणि मग शिल्लक वेळ त्यांच्या गुडघ्यांवर बोलण्यात गेला.

ऑफिसात सगळे शिकलेले. तिघे तर डॉक्टर, औषध न देणारे. एकदा सगळे डोकं धरून बसले होते, की जंगल तोडलेल्या जागेवरची वासरं काही लोक दुसऱ्याच स्वच्छ शेतावर नेऊन तिथलीच म्हणून विकतात, ती पकडायची कशी? तासभर इंग्रजी-जपानीत खल चालला. सुप्रभा कोपऱ्यात डबा पुसत होती. ती देवदत्तला म्हणाली, "अरे, गाय वर्षाला एकच वासरू देते ना? मग गायी मोज, वासरं मोज. वासरं जास्त झाली तर चोरीची."

त्यांच्यातल्या कुणी गाय व्यालेली पाहिली नव्हती, त्याला ते काय करतील? देवदत्तनं ते जपानीत सांगितलं आणि सगळ्यांनी सुप्रभा-सानसाठी टाळ्या वाजवल्या. तो नियम यंत्रात बसला. पहिल्याच महिन्यात तीसेक लबाड सापडले. परतीच्या गाडीत तिला कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. शेजारची बाई झोपलेली होती. तिनं नुपूरला लिहिलं. मांजर आली.

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या सगळ्या शेतांत तिचं एक लाडकं शेत होतं. नंबर चारशे सतरा. बेताचंच, घरावर निळा पत्रा, मागं आंब्यासारखं काहीतरी गोल झाड, आणि पुढं गुरांचा वाडा. सकाळी ऑफिसात आली की ती आधी तिथं डोकवायची. फोटो काही रोज नवा येत नाही, दहा-पंधरा दिवसांनी येतो, तरी डोकवायची. पत्र्याला गंज चढला, मग अर्धा पत्रा नवा झाला, हे तिनं पाहिलं. घरामागं एका वर्षी भाजीचा तुकडा आला, पुढल्या वर्षी नव्हता. कोण पेरत होतं, आणि आता का पेरत नाही, या विचारात तिचे दोन दिवस गेले. ती त्या माणसाला मनात "निळ्या पत्र्याचे भाऊ" म्हणायची. इथं सकाळचे नऊ तेव्हा तिथं रात्रीचे नऊ, म्हणून मनातल्या मनात "जेवलात का" असंही विचारायची. आता हे वेडेपण म्हणाल तर म्हणा. तिच्या मजल्यावर अकरा दारं आहेत, आणि त्यांतलं एकच दार तिला उघडतं.

ते दार नाकानो-सानचं. अठ्ठ्याऐंशीची म्हातारी, पाठीत वाकलेली, डोळ्यांनी अधू. इवातेकडच्या खेड्यातली, माहेरी गुरं होती. दर शुक्रवारी तिला गायीच्या मांसाचं छोटं पाकीट लागतं, बटाट्याबरोबर शिजवायला, आणि ते आणते आपली सुप्रभा, जिनं जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. पहिल्यांदा आणलं तेव्हा हातावर प्लास्टिकची पिशवी उलटी चढवून तिनं पाकीट उचललं होतं. नाकानो-सान हसून हसून खोकली. म्हणाली, "बघा, हातमोजा घालून आली!" तेव्हापासून हातमोजा ठरलेलाच.

या देशात गायीच्या प्रत्येक पाकिटावर दहा आकड्यांचा नंबर छापतात. फोनवर घातला की त्या गायीची सगळी कुंडली निघते. जन्म कधीचा, आई कोणत्या नंबराची, कुठल्या गोठ्यातून कुठल्या गोठ्यात कधी गेली. बारीक आकडे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि नाकानो-सानला ते कळल्याशिवाय चूल पेटवायची नसते. म्हणून सुप्रभा वाचते, म्हातारी हात जोडून ऐकते, गायीच्या गावाचं नाव घेते आणि "इतादाकिमास" म्हणते. हे म्हणजे अन्न घेण्याआधी मान लववणं. मांस शिजायच्या आत सुप्रभा आपल्या घरी येते आणि वरणाचा कुकर लावते.

मग एका गुरुवारी ती सवयीनं चारशे सतरावर गेली, तर चौकट लाल.

तिला वाटलं चुकून दुसरं शेत उघडलं. पण पत्रा निळाच होता. खाली कारण लिहिलेलं: गायी बेचाळीस, विकलेली वासरं एकोणऐंशी. तिचाच नियम. यादी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. एकदा बंद झाली की लाल शेताला पुढचे दोन हंगाम गिऱ्हाईक नाही.

भाऊ लबाड निघाले, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. चुकूनसुद्धा वाटलं नव्हतं, असंही सांगून पाहिलं. मग तिनं फोटो मोठा केला आणि कुंपणाच्या कडेकडेनं बोट फिरवत निघाली. उत्तरेच्या अंगाला तिला एक पायवाट दिसली. गुरांच्या खुरांनी पांढरी झालेली. वाट कुंपणापाशी येऊन थांबली नव्हती, ती कुंपणातून पलीकडे गेली होती. तिथं फाटक होतं, आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना जमीन तुडवलेली. पलीकडे दुसरंच शेत, तांबड्या पाण्याचं तळं असलेलं, दाखल्यांत नाव नसलेलं. जमिनीच्या नोंदीत मालकीण बाई. आणि बाईच्या नावातलं शेवटचं नाव निळ्या पत्र्याच्या नावातलंच.

करंजाची फुलं, ओलं वासरू. "पोर निजलीया."

ती उठून देवदत्तच्या टेबलाशी गेली. चारचौघांत तो तिला सुप्रभा-सान म्हणतो, एकटी असली की काकू.

"देवदत्त, चारशे सतरा लाल नाही."

"काकू, सिस्टिमनं दिलंय. आणि रूल तुमचाच आहे!"

"माझाच आहे. मीच विसरले त्यात एक गोष्ट. गाय एकाची, पोसणारा दुसरा, असं असतं रे. निम्म्यानं देतात. वासरं दोन घरची, दाखला एकाच्या नावावर. आमच्याकडे सगळं गाव असंच चालायचं."

"ब्राझीलमध्ये?"

"माणसंच असतील ना तिथं?"

तो हसला, पण त्याचा चेहरा कंटाळलेला होता. "पुरावा काय?"

"पायवाट. आणि आडनाव."

"पायवाटेवर क्लायंटला काय सांगू मी? आणि ती पलीकडची जागा जंगल तोडून केलेली निघाली तर? मग तर तुम्हीच पकडलेल्या तिसांसारखा हाही झाला."

हे खरं होतं, आणि तिला त्याचीच भीती होती. पायवाट खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही. तिनं तळ्याच्या शेताचे जुने फोटो मागं मागं उघडले. पंचवीस वर्षांपूर्वीही तिथं कुरणच होतं. पण त्या शेतात आणखी तिसरीकडून गुरं येत नाहीत कशावरून? हे आकाशातून दिसत नव्हतं. कुणीतरी दारात जाऊन विचारायला हवं होतं. तिकडे फिरून विचारपूस करणारी ऑफिसची एक बाई होती, पण ती बोटीनं कुठं आतल्या भागात गेलेली, आठवड्याशिवाय उत्तर येणार नव्हतं.

शुक्रवारी चारला देवदत्तनं विचारलं, "मग काय करायचं? सोडून द्या ना, काकू. एकच तर शेत आहे."

"यादी थांबव."

"सगळी? दोनशे शेतांची?"

"फक्त हे एक बाजूला ठेव, लाल नाही आणि हिरवंही नाही. आणि शेऱ्याखाली माझं नाव घाल. उद्या खोटं ठरलं तर माझं ठरेल."

"क्लायंट विचारेल, का थांबलात?"

"सांग, एक म्हातारी आहे, ती म्हणते मला बोलायचंय."

त्यानं मान हलवली, पण बाजूला ठेवलं. कागदावर शिक्का लागतो म्हणून सुप्रभानं पर्समधून राजीवनं करून दिलेला आपल्या आडनावाचा छोटा शिक्का काढला. वीस वर्षांत तो पोस्टाच्या पाकिटापलीकडे कुठं उमटला नव्हता. तिनं जरा जास्तच दाबला. शाई पसरली.

तो आठवडा फार लांब गेला. ऑफिसात कुणी काही बोललं नाही, आणि इथं न बोलण्याचेही प्रकार असतात, ते तिला इतक्या वर्षांत कळायला लागले होते. डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिनं चारशे सतरा उघडणंही सोडलं, म्हणजे सोडलं असं ठरवलं, आणि रोज उघडलं. जुनाच फोटो. रविवारी तिनं नुपूरला फोन केला.

"नुपू, मी ऑफिसात एका माणसाच्या बाजूनं बोलले."

"कोण माणूस?"

"माहीत नाही. भेटलेला नाही."

"आई," नुपूर म्हणाली, आणि मग जपानीत काहीतरी, ज्याचा अर्थ तू दमली आहेस असा होता. "जेवलीस का?" तिनं मराठीत विचारलं. तेवढं ती मराठीतच विचारते.

"जेवले," सुप्रभा म्हणाली. जेवायची होती.

त्यातच नाकानो-सानचा मुलगा सेंदाईहून येऊन गेला. त्यानं वाकून वाकून सांगितलं, की आईला तिकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, येत्या रविवारी नेणार. इतकी वर्षं तुम्हाला त्रास झाला. सुप्रभानंही वाकून सांगितलं, त्रास काही नाही. दार लागल्यावर तिनं शुक्रवार मोजले. एकच उरला होता.

त्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला तिकडच्या बाईचं पत्र आलं. देवदत्तनं तिला खुर्ची ओढून दिली आणि वाचत वाचत मराठीत सांगितलं. दोघं भाऊबहीण. बेचाळीस गायी भावाच्या, जवळजवळ तेवढ्याच बहिणीच्या, त्या तळ्याकाठी चरतात. गाडी भावाकडे आहे, म्हणून वासरं विकायचा दाखला सगळा त्याच्या नावावर. जमीन बापाच्या वेळेपासूनची, तिसरीकडून एकही गुरू नाही, ऑफिसची बाई स्वतः कुंपणानं फिरून आली. बहिणीच्या शेताला आता वेगळा नंबर मिळेल, चारशे अठरा. आणि यंत्रात एक रकाना वाढवायला हवा, कारण तिकडे अशी घरं पुष्कळ आहेत.

"आणि काकू, शेवटी लिहिलंय, की ती बहीण विचारत होती, हे इतक्या लांबून कुणी पाहिलं?"

सुप्रभानं पत्रातल्या चारशे अठरा या आकड्यावर बोट ठेवलं.

"काय कळवू?"

"कळवायचं काय त्यात. हिरवं कर."

त्यानं केलं. चौकट हिरवी झाली. निळ्या पत्र्याच्या भावांना, आठवडाभर आपल्या बाजूनं कोण अडून बसलं होतं, याचा पत्ताही नसणार. त्यांच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि घर झोपलेलं होतं. देवदत्त म्हणाला, "काकू, सॉरी हं," आणि दुसऱ्या फोनवर गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं डबा पिशवीत घातला, खुर्ची आत सरकवली, सगळ्यांना रीतीप्रमाणे वाकून "आधी निघते" म्हणाली आणि स्टेशनवर आली.

दोन गाड्या बदलून ओजिमाला उतरली तेव्हा अजून उजेड होता. स्टेशनसमोरच्या दुकानात ती मांसाच्या कपाटाशी गेली, हातावर पिशवी उलटी चढवली, आणि नेहमीचं छोटं पाकीट उचललं. बटाटे दोन घेतले. मोठे नकोत, नाकानो-सानला सोलायला जड जातात.

नवव्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत खोकी भरलेली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलेलं, टेबल, दोन खुर्च्या आणि फ्रिज एवढंच शिल्लक. म्हातारी हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली होती.

"आज हातमोजा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा," सुप्रभा म्हणाली. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, फोन काढला आणि दहा आकडे एकेक करून घातले.

"होक्काइदोत जन्मली. एप्रिलमधे. आईचा नंबर आहे, वाचू?"

"वाच."

तिनं सगळाच्या सगळा वाचला. "नऊ महिन्यांची असताना गुन्माला आणली. तिथं दोन गोठे बदलले. मग इकडे."

"लांबून आली," नाकानो-सान म्हणाली.

"हो."

"दमली असेल." म्हातारीनं हात जोडले, होक्काइदोचं नाव घेतलं, मान लववली. सुप्रभानंही शेजारी उभ्या उभ्या मान लववली, ती दर शुक्रवारी लववते तशी. मग तिनं पाकीट फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात सरकवलं, बटाटे ओट्यावर ठेवले, हातावरची पिशवी उलटी करून काढली, तिला गाठ मारली, आणि जाता जाता प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकली.